ट्रंकेचं वय काढताना

माझ्याकडे लुई व्हिटॉन या पॅरिसच्या पेट्या-बॅगांच्या घराण्याची एक केबिन ट्रंक, म्हणजे आगबोटीच्या खोलीत न्यायची बुटकी प्रवासी पेटी, आहे. तिला एकच एक वय नाही. आतलं लेबल एक काळ सांगतं, बाहेरचा कॅनव्हास त्याला दुजोरा देतो, एका बाजूचं हँडल बरंच नंतरचं निघतं आणि अस्तर त्याच्याही नंतरचं असावं. विकणाऱ्याने वर्णनात लिहिलं होतं, ‘साधारण १९००, सर्व भाग मूळ’. ट्रंक घेण्याआधी आणि घेतल्यानंतर मी जे काही केलं, ती मुख्यतः या एका ओळीची उलटतपासणी होती.

जुन्या डिझायनर बॅगा जमवते म्हटलं की लोक हमखास विचारतात, ‘पण त्या खऱ्या असतात का?’ प्रश्न रास्त आहे, पण त्यातून हाती फारसं लागत नाही. मी ‘कधीची?’ असं विचारते. नक्कल करणारा नक्षी उतरवतो, ठसा उतरवतो, चामड्याला जुनाट रंगही आणतो. पण अमुक साली अमुक गोष्ट जन्मालाच आली नव्हती, हे त्याच्या ध्यानात राहत नाही. शिवाय वस्तू अस्सल असली तरी तिचं वय वाढवून सांगितलेलं असतंच. या बाजारात म्हातारपणाला मान आहे, त्यामुळे दहा-वीस वर्षं वर चढवणं विकणाऱ्याला फारसं पाप वाटत नाही.

म्हणून खरेदीच्या आधी मी तारखांची वही केली. प्रत्येक घराण्याला एक पान, आणि पानावर फक्त दोन प्रकारच्या नोंदी: काय कधी सुरू झालं, काय कधी थांबलं. कौतुक, किस्से, कोणत्या नटीने कोणती बॅग मिरवली, हे सगळं बाहेर ठेवलं.

व्हिटॉनचं पान सगळ्यात लवकर भरलं. लुईचा जन्म १८२१ मधला, फ्रान्सच्या ज्युरा या डोंगराळ भागातला. घर सोडून तो पायी पॅरिसला आला आणि १८३७ मध्ये मारेशाल नावाच्या पेटीकाराकडे उमेदवारीला लागला. या पेटीकारांचं काम नुसत्या पेट्या करण्यावर संपत नसे. श्रीमंतांच्या घरी जाऊन तिथले घेरदार पोशाख चुरगळणार नाहीत असे बांधून देणं, हाही त्यांचाच धंदा. १८५४ मध्ये लुईने स्वतःचं दुकान थाटलं. तेव्हाच्या प्रवासी पेट्यांची झाकणं फुगीर असत, म्हणजे घोडागाडीच्या टपावर पडलेलं पावसाचं पाणी ओघळून जाई. पण रेल्वेत आणि आगबोटीत त्या एकावर एक रचता येत नसत. लुईने झाकण सपाट केलं आणि पाणी अडवायचं काम कापडावर सोपवलं. १८५८ चा राखाडी ‘त्रियानाँ’ कॅनव्हास तो हाच.

पुढचा भाग मला फार आवडतो. राखाडी ट्रंकेच्या नकला निघाल्या, म्हणून १८७२ मध्ये पट्ट्यापट्ट्यांचा कॅनव्हास आला. त्याच्याही नकला निघाल्या, म्हणून १८८८ मध्ये चौकड्यांचा ‘दामिए’ आला. त्याच्या काही चौकड्यांत तर मार्क नोंदणीकृत असल्याची अक्षरंच घातली. तरी लोक थांबेनात. मग १८९६ मध्ये लुईच्या मुलाने, जॉर्जने, वडिलांची आद्याक्षरं आणि फुलं गुंफून मोनोग्राम काढला. लुई १८९२ मध्येच गेला होता, त्याने तो पाहिलाही नाही. आज जिथे-तिथे जिची नक्कल दिसते ती नक्षी मुळात नक्कल थांबवायला निघाली होती.

या तारखा नुसत्या पाठ करून ठेवायच्या नसतात, त्यांचं काम गाळणीचं आहे. मोनोग्राम आल्यावर दामिए मागे पडला तो १९९६ पर्यंत. त्यामुळे ‘सत्तरच्या दशकातली दामिए हँडबॅग, आजीची’ असं वर्णन दिसलं की फोटो मोठा करून बघायचेही कष्ट घ्यावे लागत नाहीत. तसंच १९५९ चं. त्या वर्षी व्हिटॉनने मऊ, पीव्हीसीचा लेप दिलेला सुती कॅनव्हास आणला. त्याआधीचा मोनोग्राम कडक असे. स्पीडी आणि कीपऑल या बॅगा १९३० च्या खऱ्या, पण घडी घालता येईल इतकी लवचीक, लेप दिलेली स्पीडी कोणी ‘युद्धाच्या आधीची’ म्हणून दाखवली तर बॅग कदाचित अस्सल असेल, गोष्ट नाही.

बॅगेच्या आतल्या तारीख-कोडबद्दल तर गैरसमजच जास्त. हे कोड ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आले. त्याआधीच्या बॅगेत कोड नसणं हेच बरोबर. उलट पन्नासच्या दशकातल्या म्हणवणाऱ्या बॅगेत तो असेल तर काळजी करावी. १९९० ते २००६ या काळात दोन अक्षरं आणि चार अंक असत. पहिला आणि तिसरा अंक मिळून महिना, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. ०९९२ म्हणजे सप्टेंबर १९९२. २००७ पासून महिन्याच्या जागी आठवडा आला आणि २०२१ मध्ये कोड जाऊन चिप आली. आता याच नियमाने १९९५ चा एखादा कोड वाचताना महिना सतरावा निघाला, की संपलं. असे कोड मी पाहिले आहेत. ज्याने तो छापला त्याला नियमच ठाऊक नव्हता.

गोयारच्या पानावर नोंदी कमी आहेत, पण कामाच्या. १८५३ मध्ये फ्राँस्वा गोयारने जुन्या पेटीकारांचा व्यवसाय हाती घेतला, १८९२ मध्ये त्याचा मुलगा एडमाँने ठिपक्यांच्या कोनांची ‘गोयारदीन’ नक्षी आणली. लांबून ती विणलेली वाटते, जवळ गेलं की ठिपक्यांचा उठाव बोटाला लागतो. १९९८ मध्ये हे घराणं ज्यां-मिशेल सिन्योलने विकत घेतलं. तो स्वतःच जुन्या गोयार ट्रंकांचा संग्राहक होता. संग्रहाची हौस कुठवर जाते बघा! म्वाना हे १८४९ पासूनचं घराणं. मोटारी आल्यावर त्यांनी टपाच्या गोलाईवर बसतील अशा वळणदार तळाच्या ट्रंका केल्या. त्यातली एक प्रत्यक्ष पाहायला मिळाली तर मी चहापाणी विसरेन.

वही पुरेशी भरल्यावर ठरवलं की एक ट्रंक घ्यायची आणि ती केबिन ट्रंकच. उभी वॉर्डरोब ट्रंक दिमाखदार दिसते, पण ती खोली खाते. केबिन ट्रंकेची उंची मुद्दाम कमी ठेवलेली असते, कारण आगबोटीत ती बर्थखाली सरकवायची असे. मोठ्या ट्रंका बोटीच्या तळाशी जात; ज्या प्रवासात लागणार नाहीत त्यांच्यावर ‘नॉट वाँटेड’ अशी चिठ्ठी लावत. केबिन ट्रंक प्रवासभर माणसाच्या हाताशी राहिलेली असते. वापराच्या खुणा तिच्या बाहेर कमी आणि आत जास्त.

लिलावाची ऑनलाइन यादी वाचणं हे एक वेगळंच शिक्षण. वर्णनापेक्षा कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तूच्या अवस्थेचा अहवाल, आधी वाचावा आणि रिपोर्टमध्ये काय लिहिलं नाही ते शोधावं. हँडलांबद्दल सविस्तर लिहिलं आहे, कुलपाबद्दल आहे, अस्तराबद्दल एक अक्षर नाही: म्हणजे अस्तरात काहीतरी आहे. मी फोटो मागवले. लेबल सरळ वरून, कुलपाची पट्टी अंक वाचता येतील इतक्या जवळून, दोन्ही हँडलांची मुळं, तळ, आणि झाकण उघडून मागची बाजू; कारण या ट्रंकांना झाकणाच्या लांबीभर कापडी बिजागरी असते आणि ती फाटलेली असेल तर दुरुस्ती सोपी नाही. आणखी एक फोटो टॉर्च आडवा धरून काढायला सांगितला. कॅनव्हासचे फुगवटे, बुजवलेले खड्डे, मागाहून मारलेला रंग सरळ उजेडात लपतात, आडव्या उजेडात उघडे पडतात. वास मात्र फोटोत येत नाही, तो विचारावाच लागतो. ‘जुन्या वस्तूंना असतो तसा’ असं उत्तर आलं. मी त्याचा अर्थ बुरशी असा घेतला.

बोलीची मर्यादा ठरवताना हातोडा पडतो ती रक्कम अंतिम नसते, हे मनात पक्कं ठेवावं लागतं. तिच्यावर बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावगृह खरेदीदाराकडून घेतं ते शुल्क, टक्केवारीने चढतो, मग वाहतूक, विमा आणि परदेशातून येत असेल तर कर. मी सगळं आधी जोडलं आणि उलट्या दिशेने बोलीची मर्यादा काढली. शेवटच्या मिनिटांतली ती चुरस मला आवडत नाही, त्यामुळे मर्यादेची बोली आधीच लावून ठेवली. ट्रंक मिळाली.

ती आल्यावर आधी काहीच पुसलं नाही. हे मी नियम म्हणून पाळते. धूळसुद्धा पुरावा असते: कुठे साचली आहे आणि कुठे नाही यावरून कोणता भाग अलीकडे हलवला ते कळतं. सगळ्या बाजूंचे फोटो घेतले, मग भिंग काढलं.

लेबलावर दोन पत्ते होते. १, र्‍यू स्क्रिब, पॅरिस आणि १४९, न्यू बाँड स्ट्रीट, लंडन. पॅरिसचं र्‍यू स्क्रिबवरचं दुकान १८७१ ते १९१४ पर्यंत होतं. पुढे ते शाँझेलिझेवर गेलं. न्यू बाँड स्ट्रीटचं १९०० मध्ये उघडलं. दोन्ही पत्ते एकत्र म्हणजे १९०० ते १९१४. सगळा शोध इतका सोपा असता तर लोक याला छंद म्हणाले नसते. लेबल सुटं विकत मिळतं आणि डकवता येतं. म्हणून लेबलाची साक्ष एकटीची धरायची नाही. अतिनील टॉर्चखाली धरलं तर ते मंद, पिवळसरच राहिलं. कागद पांढरा दिसावा म्हणून घालतात ती चमक आणणारी रसायनं साधारण १९५० पासून कागदात सर्रास आली. असा कागद या टॉर्चखाली निळसर पांढरा पेटतो. माझं लेबल पेटलं नाही. त्याने ते मूळ ठरत नाही, पण हल्लीचं छापील नाही एवढं बहुतांशी कळतं. त्यावरचा अनुक्रमांक मात्र झिजून अर्धाच उरला आहे.

कॅनव्हासची साक्ष याहून वजनदार, कारण तो बदलणं म्हणजे सगळी ट्रंक सोलणं. मोनोग्राम सुरुवातीच्या काही वर्षांत विणलेला असे, नंतर विसाव्या शतकाच्या आरंभी तो स्टेन्सिलने रंगवलेला आला. विणलेला असता तर नक्षीचे धागे वेगळे दिसले असते. माझ्या ट्रंकेवर भिंगाखाली रंगाच्या कडा दिसतात, आणि जिथे रंग उडाला आहे तिथे खाली साधा, एकरंगी कापडाचा पोत आहे. म्हणजे १९०० ही तारीख निसटली. लेबलाच्या चौकटीत राहून ट्रंक थोडी पुढे सरकली. विकणाऱ्याच्या ‘साधारण’ या शब्दाने त्याला वाचवलं.

सांगाडा पॉपलरच्या लाकडाचा, वर आडव्या बीच लाकडाच्या पट्ट्या, कोपऱ्यांवर पितळ. कडांना लालसर तपकिरी लोझिन, म्हणजे व्हल्कनाइज्ड फायबर. हे वरून चामडं वाटतं पण असतो सुती चिंध्यांचा कागद, झिंक क्लोराइडमधून काढून थर एकमेकांत मुरवलेला. १८९७ पासूनच्या ग्लोब-ट्रॉटरच्या सूटकेसचं अंगही याच साहित्याचं. कागद इतका टणक होऊ शकतो यावर माझा पुष्कळ दिवस विश्वास बसत नव्हता. एका ओळीत ठोकलेल्या खिळ्यांची अंतरं सारखी आहेत आणि टोप्यांवर नावाची बारीक अक्षरं आहेत. तीन खिळे गुळगुळीत डोक्याचे, एकाच कोपऱ्यात. तिथे कधीतरी डागडुजी झाली.

कुलपाच्या पट्टीवर तेच दोन पत्ते आणि एक क्रमांक. व्हिटॉन बाप-लेकांनी १८८६ मध्ये स्वतःचं वेगळं कुलूप आणलं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावे एक क्रमांक असे आणि त्याच्या सगळ्या ट्रंका एकाच किल्लीने उघडत. नोकराने किल्ल्यांचा जुडगा वागवायची गरज संपली. हल्लीच्या बॅगांच्या छोट्या टाळ्यांचं तंत्र अगदी उलट आहे: ३१० क्रमांकाची किल्ली जगातल्या कुठल्याही ३१० क्रमांकाच्या टाळ्याला चालते. त्यामुळे टाळं-किल्लीची जोडी क्रमांकाने जुळली, म्हणजे ती त्याच बॅगेबरोबर आली असं मुळीच सिद्ध होत नाही. विक्रीच्या वर्णनात ‘मूळ टाळं-किल्लीसह’ वाचलं की मी ते शब्द मनातल्या मनात खोडते.

आता हँडल. डाव्या बाजूचं चामडं लाल पुडीसारखं हातावर उतरत होतं. याला ‘रेड रॉट’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वनस्पतिजन्य टॅनिनने कमावलेल्या चामड्यात हवेतल्या गंधकाच्या प्रदूषणाने आम्ल तयार होतं आणि तंतू आतूनच सुटत जातात. बिघाड उलटवता येत नाही, फक्त थोपवता येतो. उजव्या बाजूचं हँडल मात्र घट्ट, लवचीक, नितळ. खरेदीदाराला हेच चांगलं वाटेल. मला तेच खटकलं. एकाच ट्रंकेची दोन हँडलं एकाच हवेत राहिलेली असतात. खाली वाकून पाहिलं तर उजव्याच्या बुडाशी आधीच्या खिळ्यांची बुजलेली भोकं होती, कॅनव्हासवर जुन्या, थोड्या रुंद हँडलाची गडद सावली होती, आणि आतून जे स्क्रू मारले होते त्यांच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह. फिलिप्स स्क्रू बाजारात आले ते १९३० च्या दशकाच्या मध्यात. त्याआधी हे हँडल लागूच शकत नाही.

अस्तराने जरा वेळ घेतला. फिक्या तपकिरी रंगाचं, व्यवस्थित ताणलेलं, शिवण सरळ. मूळ वाटावं असं काम. पण अतिनील टॉर्च आत धरताच शिवणीचा दोरा निळा पेटला. मग कडेचा एक सुटा धागा चिमट्याने ओढून ट्रंकेपासून दूर, बेसिनवर नेऊन ज्योतीत धरला. सूत किंवा ताग जळून राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो. हा धागा आक्रसला आणि त्याचा काळा, कडक मणी झाला. पॉलिएस्टरचा शोधच १९४१ मधला, बाजारात यायला आणखी काही वर्षं लागली. म्हणजे ट्रंकेचं पोट तिच्यापेक्षा निदान तीसेक वर्षांनी तरुण. एका कोपऱ्यात अस्तर सुटलं होतं, तिथून आत डोकावलं तर खाली जुनं कापड अजून चिकटलेलं होतं, डागाळलेलं पण जाग्यावर.

बाहेर, एका टोकाला, रंगवलेले दोन आडवे पट्टे आणि ‘एच. एल.’ ही अक्षरं आहेत. बंदरावर शेकडो ट्रंकांच्या ढिगातून आपली ओळखायला असे पट्टे मारून घेत. शेजारी एका आगबोट कंपनीच्या चिठ्ठीचा फाटका कोपरा उरला आहे. हॉटेलांची रंगीत लेबलं एकही नाही आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. जॉर्जचा मुलगा गास्ताँ-लुई अशी लेबलं जमवायचा, म्हणून त्यांचं आकर्षण आणखी वाढलं. आणि आज ट्रंक ‘फिरलेली’ दिसावी म्हणून नवी छापून चिकटवतात. टॉर्चखाली ती दिवाळीसारखी उजळतात.

इतकं झाल्यावर साफसफाई. आधी वास. ट्रंक उघडी, सावलीत, वाऱ्याला. ऊन नाही, कारण उन्हात लोझिन वाकतं आणि लाकूड तडकतं. बुरशी कोरडी झाल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, ओली असताना घासली तर ती पसरते. मग मास्क घालून मऊ ब्रश आणि हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम, सगळ्यात कमी जोरावर, नळीच्या तोंडाला जाळी बांधून. त्यानंतर ॲक्टिव्हेटेड कार्बन उघड्या ताटलीत ठेवून झाकण बंद. वास गेला असं म्हणणार नाही, पण आता झाकण उघडल्यावर माणूस मागे सरकत नाही.

पितळेच्या कडेला, जिथे ते चामड्याला टेकतं, हिरवट मेणासारखा थर होता. चामड्यातली चरबी आणि पितळेतलं तांबं यांच्या संयोगाने तो बनतो. बांबूच्या टोकदार काडीने, कोरडाच, सावकाश खरवडून काढला. हे कळल्यापासून मी जुन्या चामड्याला तेल लावणं बंद केलं आहे. पूर्वी संग्रहालयांतही नीट्सफूट तेल चोपडत. आता संवर्धक ते टाळतात. तेलाने चामडं काळवंडतं, धूळ धरतं आणि या हिरव्या थराला खाद्य मिळतं. लाल पुडी सोडणाऱ्या हँडलाला तेलाऐवजी अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज ब्रशने दिलं. त्याने सुटे तंतू बांधले जातात. हँडलाने ट्रंक उचलायची मात्र कधीच नाही, दोघांनी तळाला हात घालूनच.

पितळ चमकवलं नाही. ब्रासो मारलेली ट्रंक मला लांबून ओळखू येते: खिळ्यांच्या भोवती पांढरी पूड साचलेली आणि कॅनव्हासवर पुसट कडी उमटलेली. पाय लावून, वर काच ठेवून कॉफी टेबल केलेल्या ट्रंकांबद्दल मी काही बोलू नये हेच बरं. चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिर आर्द्रता, थेट उजेड नाही, आत आम्लरहित टिश्यू. वर्तमानपत्र भरायचं नाही, त्याची शाई आणि आम्ल दोन्ही उतरतात.

गंमत अशी की शंभरी ओलांडलेली ही ट्रंक मजेत आहे आणि माझ्या शेल्फवरची नव्वदच्या दशकातली व्हिटॉनची बकेट बॅग मरणपंथाला लागली आहे. तिच्या आत पॉलियुरेथेनचा लेप असलेलं अस्तर आहे. हवेतल्या आर्द्रतेने त्या लेपाची रेणूसाखळी तुटत जाते. आधी तो चिकट होतो, मग पापुद्रे निघतात. बाहेरून बॅग नवी कोरी दिसते. जुन्या बॅगेच्या खिशात हात घालून पाहिल्याशिवाय ती घेऊ नये, हे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते.

ट्रंकेवर शिकलेली ही वाचनाची पद्धत बाकी वस्तूंनाही लागू पडते, पण प्रत्येक वस्तूची खोड निराळी. एर्मेसचा रेशमी चौकोनी स्कार्फ घ्या. ९० सेंटिमीटरचा हा ‘कारे’ १९३७ मध्ये आला. माझ्याकडे ‘ब्रीद द गाला’ आहे, ह्यूगो ग्रिगकारने १९५७ मध्ये काढलेलं लगामांचं चित्र. पण ते चित्र तेव्हापासून कितीतरी वेळा, कितीतरी रंगांत पुन्हा छापलं गेलं. म्हणजे चित्राचं वय स्कार्फचं नसतं, आणि यादीत ‘१९५७’ लिहिणाऱ्याने खोटं सांगितलेलं नसलं तरी खरंही सांगितलेलं नसतं. स्कार्फला मी कडांवरून ओळखते. त्या हाताने, चित्राच्या बाजूला वळवलेल्या असतात आणि गुबगुबीत असतात. इस्त्रीने चेपलेली सपाट कड म्हणजे कोणीतरी तो धुतला आणि दाबला आहे.

एर्मेसच्या बॅगांवर एक अक्षर ठोकलेलं असतं. १९४५ पासून ए ते झेड नुसती अक्षरं, १९७१ पासून वर्तुळातली, १९९७ ते २०१४ चौकोनातली. वर्तुळातला एस म्हणजे १९८९. टाका बघायचा तर जवळून: मेण लावलेला लिननचा दोरा, दोन सुयांनी दोन्हीकडून घेतलेला घोड्याच्या खोगिराचा टाका, किंचित तिरपा. एक दोरा तुटला तरी दुसरा शिवण धरून ठेवतो. यंत्राला हे जमत नाही. शनेलच्या ‘२.५५’ या बॅगेचं नावच फेब्रुवारी १९५५ ही तारीख आहे, पण दोन ‘सी’ गुंफलेलं फिरकीचं कुलूप त्यावर शनेलचा नंतरचा डिझायनर लागेरफेल्डने १९८३ नंतर आणलं. आधीचं साधं आयताकृती. एका यादीत ‘साठच्या दशकातली’ म्हणून अशी बॅग दिसली होती, वर दोन ‘सी’ झळकत होते. मी विकणाऱ्याला विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही, दुसऱ्या दिवशी वर्णनातलं दशक मात्र बदललं.

एक गोष्ट मी सोडून दिली ती कागदांमुळे. प्रवासी प्रसाधनपेटी होती, कंगवे-ब्रशांच्या पाठी हस्तिदंताच्या, एक डबी कासवाच्या पाठीची, बाहेरून मगरीचं चामडं. सुंदर होती, हे मान्य करते. पण १ जुलै १९७५ पासून लागू असलेल्या साइटीस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली अशा वस्तूंना सीमा ओलांडायला परवाना लागतो, वस्तू कितीही जुनी असो; जुनेपणाची सूट मिळायची तर तो जुनेपणा कागदाने दाखवावा लागतो. विकणाऱ्याकडे कागद नव्हता. ‘आजवर कोणी अडवलं नाही’ म्हणाला. बंदरावर जप्त होण्यासाठी पैसे भरायची मला हौस नाही, आणि हत्तीच्या दातांचा ब्रश घरात ठेवायचीही फारशी नव्हती.

ट्रंकेकडे परत यायचं तर दोन निर्णय उरले होते. अस्तर आणि ट्रे. पॉलिएस्टर काढून खालचं जुनं कापड उघडं करावं असं एका जाणकाराने सुचवलं. मी सुटलेला कोपरा तसाच ठेवला, बाकी अस्तर हलवलं नाही. खालच्या कापडाला गोंदाने धरलं असेल तर ओढताना दोन्ही जातील. ज्याने कोणी ते शिवलं त्याचं काम चांगलं आहे, त्यालाही ट्रंकेच्या आयुष्यात जागा आहे. उजव्या हँडलाबाबतही तेच. मूळसारखी दिसणारी नवी हँडलं करून मिळतात, पण मग आज उघड दिसणारी दुरुस्ती उद्या दिसेनाशी होईल आणि माझ्यानंतर जो ट्रंक वाचेल त्याची दिशाभूल मी केलेली असेल. विकणाऱ्याच्या ओळीत आणि माझ्यात मग फरक तो काय?

मूळचा ट्रे उरलाच नव्हता, आत त्याला टेकायच्या पट्ट्या तेवढ्या होत्या. सुटे भाग विकणाऱ्या एकाकडे त्याच रुंदीचा, त्याच घराण्याचा, कापडी बंदांचा ट्रे मिळाला. तो नीट बसतो. बुडाला पेन्सिलने लिहून ठेवलं आहे की हा दुसऱ्या ट्रंकेतला आहे, कुठून आणि कधी घेतला. हँडल, अस्तर आणि ते तीन खिळे यांच्या नोंदीही एका आम्लरहित पाकिटात आत आहेत, फोटोंसकट.

किल्लीचा शोध चालू आहे. कुलपाचा क्रमांक जुन्या किल्ल्या विकणाऱ्या दोघातिघांना देऊन ठेवला आहे; एकाकडून जवळचा क्रमांक आला होता, शेवटचा अंक वेगळा. तोवर ट्रंक बाजूच्या दोन खटक्यांवर बंद होते.